महाड-पोलादपूरचा हिवाळा आणि घरातील ऊब

कोकणात थंडी नाही, असा समज सर्वत्र रूढ आहे. घरकुलाचा आराखडा असो, शाळेची इमारत असो की अंगणवाडीची खोली असो, आखणी करताना पावसाचा आणि उन्हाचा विचार होतो. हिवाळ्याचा सहसा होत नाही. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनाऱ्यावरील गावांपुरते हे समर्थनीय आहे. तेथे समुद्र रात्रीला फारसे थंड होऊ देत नाही. परंतु सावित्री, काळ आणि गांधारी या नद्यांच्या खोऱ्यांतून सह्याद्रीच्या पायथ्याकडे जावे, तसतशी परिस्थिती पालटत जाते. महाड तालुक्यातील बिरवाडी-वरंधची बाजू आणि पोलादपूर तालुक्यातील उमरठ, कापडे व आंबेनळी घाटाखालच्या वाड्या येथील डिसेंबर-जानेवारीतील पहाट किनाऱ्यावरील माणसाला परकी वाटावी अशी असते.

यामागील कारण साधे आहे. हिवाळ्यात आकाश निरभ्र असते. सूर्य मावळताच जमीन आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे टाकू लागते. डोंगरउतारावरील हवा गार होऊन जड होते, उतारावरून खाली ओघळते आणि खोऱ्याच्या तळाशी साचते. दुपारी ३० अंश सेल्सियसच्या आसपास असलेले तापमान पहाटेपर्यंत १५ अंशांवर आणि काही रात्री त्याहूनही खाली येते. दिवस-रात्रीतील हा फरकच येथील प्रश्नाचा गाभा आहे. उपायाची दिशाही त्याच फरकात दडलेली आहे. काश्मीर वा हिमाचलातील घराला दिवसाही बाहेरून ऊब मिळत नाही. तेथे जळण जाळावेच लागते. महाड-पोलादपूरच्या घराला सूर्य रोज दुपारी फुकट ऊब देतो. ती पहाटे पाचपर्यंत घरात कशी टिकवावी, एवढाच प्रश्न उरतो. येथे ऊब निर्माण करण्यापेक्षा राखणे स्वस्त आहे आणि सुरक्षितही आहे.

या प्रश्नाकडे लक्ष देण्याचे कारण केवळ सुखसोयीचे नाही. पहाटेचा गारठा धडधाकट माणसाला सोसतो. नवजात बालक, कमी वजनाचे मूल, दम्याचा रुग्ण आणि म्हातारी माणसे यांना तो सोसेलच असे नाही. शिवाय गारठ्यावर घरोघर जो उपाय योजला जातो, तो अनेकदा गारठ्यापेक्षा घातक ठरतो. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

जुने घर आणि पत्र्याचे घर

या भागातील जुन्या घराची रचना पाहिली, तर आपल्या पूर्वजांनी हिवाळ्याचा विचार केला होता असे दिसते. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि बाजूला पडवी. माजघर सर्व बाजूंनी इतर खोल्यांनी वेढलेले असे आणि त्यावर फळ्यांचा माळा असे. माळ्यावर धान्य, गवत, लाकूडफाटा भरलेला असे. बाळंतीण, लेकरे व वृद्ध यांची निजण्याची जागा म्हणजे हेच माजघर. त्याच्या अंधाराची आपण पुष्कळ निंदा केली आणि ती रास्तही होती. पण त्याची ऊब मात्र खरी होती. गरिबाच्या घराला माजघर नसले, तरी कारवीचा कुड, त्यावर शेणमातीचा जाड लेप आणि वर गवताचे छप्पर असे. गवतात अडकून पडलेली स्थिर हवा उष्णतेला सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही.

गवत दरवर्षी बदलावे लागते, त्याला आग लागते, ते गळते. म्हणून पत्रा आला आणि येथील पाऊसमान पाहता तो येणारच होता. पण पत्र्याने पाऊस अडविला, ऊब अडविली नाही. धातूच्या पातळ पत्र्यातून उष्णता जवळजवळ विनाअडथळा जाते. निरभ्र रात्री तो भोवतालच्या हवेहूनही अधिक गार होतो आणि निजलेल्यांच्या श्वासातील बाष्प त्याच्या आतल्या अंगावर साचून पहाटे थेंबाथेंबाने अंथरुणावर पडते. ओले अंथरूण ऊब देत नाही. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळल्यानंतर वाचलेल्या कुटुंबांना दीर्घकाळ कंटेनरच्या घरांत राहावे लागले. निवारा तातडीने मिळणे अगत्याचे होते, याविषयी वाद नाही. तथापि यापुढे आपत्तीनंतर असे निवारे उभारताना, आतून छताला अस्तर हवे ही अट आराखड्यातच असावी. घर आधीच हरवलेल्या माणसाला पावसाळ्यापाठोपाठ हिवाळाही त्याच निवाऱ्यात काढावयाचा असतो.

स्लॅबच्या घराची गोष्ट थोडी निराळी आहे. काँक्रीट दिवसाची उष्णता साठविते व मध्यरात्रीपर्यंत परत देत राहते. अशी घरे पहाटेच्या दोन-तीन तासांतच गारठतात. खरी अडचण पत्र्याच्या आणि सिमेंटच्या पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्यांची आहे.

माणसाची ऊब आणि छत

निजलेला प्रौढ मनुष्य सुमारे ७० ते ८० वॉट इतकी उष्णता सतत बाहेर टाकीत असतो. चार माणसांचे कुटुंब म्हणजे ३०० वॉटची शेगडीच होय, आणि तिला जळण लागत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेतील घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. एवढ्या जागेवर नुसता पत्रा असेल, तर आतबाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे ढोबळ हिशेबाने १५० वॉट उष्णता छपरातून निघून जाते. म्हणजे भिंती आणि फटी यांचा हिशेब न धरताही चार माणसांची सारी ऊब दोन अंशांपलीकडे टिकत नाही. पत्र्याखाली सुक्या पेंढ्याचा ५ सेंटीमीटर दाबलेला थर देता आला, तर छपरातून जाणारी उष्णता सहाव्या हिश्श्यावर येते. उष्णता अडविण्याच्या कामी हा एवढासा थर अर्धा मीटर जाडीच्या विटेच्या भिंतीची बरोबरी करतो. शिक्षकांनी वहन व प्रारण शिकविताना हा हिशेब फळ्यावर मांडावा. मुलांना तो आपल्या घराचा आहे हे लगेच उमगेल. शाळेत तापमापक असल्यास नुसत्या पत्र्याखाली आणि छत घातलेल्या भागात सकाळी शाळा उघडताना नोंद घेता येईल.

हे छत घालण्यास फारसा खर्च नाही. वाशांना आडवे बांबू बांधावेत, त्यांवर बांबूची तट्टी किंवा शिवलेले गोणपाट ताणावे आणि वर पेंढा पसरावा. सबंध घरावर करण्याची गरज नाही. निजण्याच्या भागापुरते पुरे. दर चौरस मीटरला फार तर ५ किलो भार येतो. हळवे भात ऑक्टोबरात व गरवे नोव्हेंबरात निघते, म्हणजे थंडीच्या तोंडावर पेंढा घरात असतोच. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. चुलीच्या वर आणि विजेच्या तारा वा दिव्याच्या जवळ पेंढा असता कामा नये. दुसरे असे की, पेंढा पूर्ण वाळलेला व झटकलेला असावा आणि सैल न टाकता पोत्यांत भरून, तोंडे शिवून ठेवावा. उंदीर पेंढ्यात शिरतो व त्यामागे साप येतो. विंचवालाही अशा अडगळीच्या जागा मानवतात. विंचूदंशावरील प्राझोसिनच्या उपचारासाठी जगभर नावाजलेले आणि २०२२ साली पद्मश्रीने गौरविलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे काम महाडच्या याच भागात झाले, हे वाचकांच्या स्मरणात असेल.

यानंतर फटींकडे वळावे. भिंतीचा माथा आणि छप्पर यांमध्ये पुष्कळ घरांत हातभर फट असते. रात्रीचा गार वारा डोंगराकडून, म्हणजे बहुतांशी पूर्वेकडून उतरतो. त्या बाजूची फट चिखल-भुशाने किंवा चिंध्या कोंबून बंद करावी व दारावर जाड गोणपाटाचा पडदा सोडावा. पश्चिमेकडील वरची फट मात्र उघडी ठेवावी. हवेला वाट राहिलीच पाहिजे.

अंथरुणाविषयी लोकांचा एक गैरसमज आहे. थंडी वाजली की पांघरूण वाढविले जाते, अंथरूण नाही. अंगाच्या भाराने दबलेल्या गादीतील हवा निघून जाते आणि उष्णता खालच्या लादीत उतरते. सारवलेल्या जमिनीपेक्षा फरशी-लादी ही उष्णता अधिक वेगाने ओढून घेते, त्यामुळे नव्या घरात जुन्यापेक्षा अंथरूण जाड लागते हे ध्यानात ठेवावे. दोन गोधड्या असतील, तर एक खाली घालावी. पेंढ्याने भरलेली गोणी, त्यावर चटई व त्यावर गोधडी हे अंथरूण कोणत्याही कुटुंबाला परवडेल. बाजेवर निजणाऱ्यानेही खाली जाड काही घेतल्यावाचून निजू नये, कारण विणीतून गार हवा लागते. गोधडीची ऊब तिच्या थरांमधील हवेची असते. म्हणून महिन्यातून दोनदा ती उन्हात टाकून झटकावी. दमट गोधडी वजनाने भारी व उबेने हलकी असते. घाटावरच्या सनगरांनी विणलेली घोंगडी ओलसर झाली तरी ऊब देते, हा लोकरीचा विशेष गुण आहे.

विजेच्या हीटरविषयी दोन शब्द. १,००० वॉटचा हीटर रात्री आठ तास चालविला, तर रोज ८ युनिट, महिन्याला २४० युनिट वीज लागते. घरगुती ग्राहकाचा सर्वांत स्वस्त टप्पा १०० युनिटांपर्यंतचा आहे. उघड्या पत्र्याखाली हीटर लावणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

निखाऱ्याची शेगडी

आता वर उल्लेखिलेल्या घातक उपायाकडे येऊ. दारे-खिडक्या लावून खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून निजण्याची पद्धत अनेक घरांत आहे. बाळंतिणीच्या खोलीत तर ती परंपरेनेच चालत आली आहे. बाजेखाली शेगडी आणि वर ओवा-शोपांची धुरी, असा क्रम असतो. धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून तो निदान कळतो. लाल निखारा धूर करीत नाही म्हणून तो निर्धोक वाटतो, आणि नेमका तोच अधिक धोक्याचा आहे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नाही, रंग नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो. डोके जड होते, गुंगी येते, आणि निजलेल्या माणसाला ही लक्षणे जाणवतही नाहीत. बंद न्हाणीघरातील गॅसच्या गीझरचा धोकाही याच जातीचा आहे. शेकावयाचे असेल तर उघड्या ओटीवर शेकावे आणि निजण्यापूर्वी निखारे घराबाहेर नेऊन विझवावेत. हा नियम ग्रामसभेत, महिला बचत गटात, शाळेत वारंवार सांगितला पाहिजे. जुन्या जाणत्या बाईला हे सांगताना तिच्या परंपरेची टवाळी करू नये. जुन्या कौलारू घरात कौलांच्या सांध्यांमधून हवा खेळत असे आणि तेथे ही शेगडी बरीचशी खपून जाई. आजच्या बंदिस्त स्लॅबच्या खोलीत ती खपत नाही. अशा रीतीने सांगितले, तर ती ऐकते.

मग बाळाला ऊब कशी द्यावी? नवजात बालकाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश असावे लागते. वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा असल्याने ते झपाट्याने गार होते. यावरचा सर्वोत्तम उपाय बिनखर्चाचा आहे. बाळाला आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून धरावे व वरून दोघांना पांघरूण घालावे. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाच्या बालकांसाठी ही पद्धत सुरू केली आणि आज ती जगभर मान्य आहे. डोक्याला टोपी, पायांत मोजे, ओले दुपटे तत्काळ बदलणे आणि पहिली आंघोळ किमान २४ तास लांबविणे हेही तितकेच आवश्यक आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्यात बाळाला उबदार ठेवणे हा एक महत्त्वाचा भाग होता. त्या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. देशभर राबविल्या जाणाऱ्या गृहभेटींच्या कार्यक्रमाला या कामाचा मोठा आधार मिळाला. दवाखान्यात प्रसूती झाली असल्यास आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. डिसेंबर-जानेवारीतील या भेटींत तिने बाळाच्या तापमानाबरोबरच खोलीचे छत, अंथरूण आणि शेगडी यांकडेही पाहावे, असे प्राथमिक आरोग्य केंद्रांनी तिला सांगून ठेवावयास हरकत नाही.

ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. तीतून अंगणवाडीच्या पत्र्याखाली छत घालणे, तसेच कातकरी वाड्यांवरील व एकाकी वृद्धांच्या घरांसाठी तट्ट्या आणि गोधड्या पुरविणे ही कामे घेता येतील. गोधड्या बाहेरून विकत आणण्यापेक्षा गावातील बचत गटाकडून शिवून घ्याव्यात; जुनी लुगडी गावातच मिळतात आणि शिलाईचा पैसाही गावातच राहतो. हे काम दिवाळीपूर्वी हाती घेतले पाहिजे. जानेवारीत मंजूर झालेली गोधडी होळीला हाती पडते.

छतावरील पेंढा वैशाखात उतरवावा. तोवर तो वैरणीच्या कामाचा राहिला नसेल, तर खतात टाकावा. पावसाळ्यात तो वर ठेवल्यास दमट होऊन कुजतो. तट्टी मात्र काढू नये. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या पत्र्याची धग तीच अडविते.