पाण्यावरचा पहारा

गडाच्या तटावर रात्रंदिवस जागणारा पहारेकरी तुम्ही इतिहासाच्या धड्यांतून पाहिला आहे. दूरवर धुळीचा लोट उठला, की तो शिंग फुंकतो आणि सारा गड सावध होतो. परंतु जो शत्रू डोळ्यांना दिसत नाही, ज्याच्या घोड्यांच्या टापा ऐकू येत नाहीत, जो पाण्याच्या एका घोटाबरोबर थेट आपल्या पोटात शिरतो, त्याच्यावर पहारा कसा ठेवावयाचा? पटकी, हगवण, विषमज्वर हे रोग पसरविणारे जंतू असेच शत्रू आहेत. त्यांच्यावर पहारा ठेवण्याची विद्या माणसाला कशी सापडली, त्याची ही हकिकत आहे.

पटकी म्हणजेच कॉलरा. एके काळी हा रोग आला, की गावेच्या गावे ओस पडत. सकाळी धडधाकट असलेला माणूस जुलाब आणि वांत्या होऊन संध्याकाळपर्यंत प्राण सोडी. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत लोक या रोगाला मरीआईचा कोप समजत आणि तिचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडीत. त्यांना हसू नका. त्याच काळात इंग्लंडमधील नामांकित डॉक्टरसुद्धा, घाणीतून उठणाऱ्या दूषित हवेने पटकी होते, असे छातीठोकपणे सांगत असत. रोगाचे कारण फार थोड्यांना उमगले होते. ते सिद्ध झाले ते मात्र एखाद्या चमत्काराने नव्हे; ते सिद्ध झाले एका साध्या नोंदवहीमुळे.

१८५४ सालची गोष्ट. लंडन शहरातील सोहो या दाट वस्तीच्या भागात ऑगस्टच्या अखेरच्या रात्री पटकीचा अचानक उद्रेक झाला. दहा दिवसांत सुमारे पाचशे माणसे दगावली. ज्यांना शक्य होते ते घरेदारे सोडून पळाले. अशा वेळी एक मनुष्य मात्र त्याच गल्लीबोळांतून दारोदार फिरत होता. त्याचे नाव डॉ. जॉन स्नो. यॉर्क शहरातील एका मजुराचा हा मुलगा स्वतःच्या परिश्रमाने मोठा डॉक्टर झाला होता. इंग्लंडच्या राणीला बाळंतपणाच्या वेळी गुंगीचे औषध देण्याचा मानही त्याला मिळाला होता. पटकी हवेतून नव्हे, तर पाण्यातून पसरते, असे मत त्याने १८४९ सालीच मांडले होते. पण त्याचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नव्हते.

स्नोचा संशय ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्यावरील पंपावर गेला. त्याने पंपाचे पाणी काढून पाहिले. पाणी तर चांगले स्वच्छ दिसत होते! दुसरा कोणी असता, तर तेथेच थांबला असता. स्नो मात्र जन्ममृत्यूंच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत गेला. इंग्लंडमध्ये १८३७ सालापासून प्रत्येक मृत्यूची नोंद होत असे आणि विल्यम फार नावाचे गृहस्थ या नोंदींची अत्यंत काटेकोरपणे जुळणी करीत असत. त्यांच्याकडून स्नोने मृतांची यादी मिळविली आणि यादी हातात घेऊन तो एकेका घरी गेला. ‘तुमच्याकडे पिण्याचे पाणी कोठून येत असे?’ एवढाच त्याचा प्रश्न होता.

पंपाच्या आसपास जे मृत्यू घडले होते, त्यांपैकी एकसष्ट जण त्या पंपाचे पाणी पीत होते, असे आप्तांनी सांगितले. पण स्नोला याहून मोलाची गोष्ट वाटली ती दुसरीच. जे मेले त्यांच्याइतकीच, जे जगले त्यांचीही चौकशी त्याने केली. पंपापासून जवळच एक अनाथालय होते. त्यात पाचशे पस्तीस गोरगरीब राहत. भोवताली घरोघरी प्रेते निघत असताना तेथे केवळ पाच जण दगावले. का? तर अनाथालयाची स्वतःची विहीर होती. त्याच रस्त्यावर बिअर नावाचे पेय तयार करण्याचा एक कारखाना होता. तेथील सत्तरांहून अधिक कामगारांपैकी एकही पटकीने मेला नाही. कारण कारखान्यात वेगळी विहीर होती आणि कामगार त्या पंपाकडे फिरकतच नसत. उलट, काही मैल दूर असलेल्या हॅम्पस्टेड येथे, जेथे पटकीचे नावही नव्हते, एक विधवा बाई पटकीने वारली. ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटमध्ये राहत असे. तेथील पाण्याची गोडी तिला सुटली नव्हती. म्हणून ती त्याच पंपाच्या पाण्याची बाटली रोज गाडीवरून मागवून घेत होती!

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नोने हा सारा पुरावा त्या भागाच्या कारभाऱ्यांपुढे ठेवला. त्यांची पूर्ण खात्री पटली नव्हती. तरीही त्यांनी त्याचे ऐकले. दुसऱ्याच दिवशी पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. लोक पळून गेल्यामुळे साथ आधीच ओसरू लागली होती. दांडा काढल्यामुळेच ती थांबली, असा दावा खुद्द स्नोनेही केला नाही. मग दांडा काढणे व्यर्थ गेले का? त्याचे उत्तर एका पाद्र्याने शोधून काढले.

त्या वस्तीतील चर्चमध्ये हेन्री व्हाइटहेड नावाचे तरुण पाद्री होते. त्यांनी साथीच्या दिवसांत घरोघरी जाऊन मरणोन्मुख माणसांना धीर दिला होता. स्नोचे मत त्यांना मुळीच पटत नव्हते. ते खोटे ठरवावे, या हेतूने त्यांनी स्वतः चौकशी आरंभिली. वस्तीतील घरन्‌घर त्यांच्या ओळखीचे होते. जसजशी माहिती जमू लागली, तसतसे त्यांच्या ध्यानात आले, की चूक स्नोची नसून आपलीच आहे. ते त्यांनी मोकळ्या मनाने कबूल केले आणि ते पुढे शोध करू लागले.

एके दिवशी मृत्यूंची नोंदवही चाळत असता त्यांची दृष्टी एका ओळीवर खिळली. ब्रॉड स्ट्रीट, घर क्रमांक ४०. पाच महिन्यांची मुलगी. चार दिवसांपूर्वी जुलाब होऊन आलेली ग्लानी. या नोंदीत ‘पटकी’ हा शब्द नव्हता, म्हणून ती कोणाच्या यादीत आली नव्हती. परंतु मृत्यूच्या तारखेवरून मागे मोजता ती बालिका उद्रेकाच्या आधीच आजारी पडली होती, हे स्पष्ट दिसत होते. घर तर पंपाच्या अगदी समोर! व्हाइटहेड धावतच तिच्या आईकडे गेले. बाळाचे दुपटे धुतलेले पाणी आपण घराच्या पुढील मैलाकुंडात ओतत होतो, असे त्या माउलीने सांगितले. कुंड खणून पाहिले, तेव्हा त्याच्या विटा झिजून ढिल्या झालेल्या आढळल्या. कुंड आणि पंपाची विहीर यांत तीन फुटांचेही अंतर नव्हते.

आणखी एक गोष्ट कळली. ज्या दिवशी पंपाचा दांडा काढला, त्याच दिवशी त्या बालिकेचा पिताही पटकीने अंथरुणाला खिळला होता. त्याच्या घाणीचे पाणीही त्याच कुंडात जात होते. दांडा जागेवर असता, तर विहिरीत पुन्हा विष कालवले गेले असते. म्हणजे दांडा काढल्याने पहिली साथ थांबली नसेल, पण दुसरी साथ टळली!

मुलांनो, या कथेतील सर्वांत मोठी शिकवण त्या एका ओळीत आहे. एका तान्ह्या मुलीच्या साध्या जुलाबाची नोंद कोणा अनोळखी कारकुनाने नीट करून ठेवली, म्हणूनच साथीचे मूळ सापडले. विल्यम फार यांचीही गोष्ट तशीच. तेही दूषित हवेच्या मताचे होते; पण आपल्या मताला सोईच्या अशा नोंदी त्यांनी केल्या नाहीत. जे घडले तेच लिहिले. त्यांच्याच आकड्यांनी त्यांचे मत खोडून काढले आणि १८६६ सालच्या साथीत त्यांनी स्वतःच पाण्याचा दोष उघडकीस आणला. खरी नोंद ही लिहिणाऱ्याहूनही मोठी असते.

जंतूची ओळख मात्र सर्वांना नंतर पटली. त्याच १८५४ साली इटलीतील फ्लॉरेन्स येथे पाचिनी या शास्त्रज्ञाने तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. पण जगाने तिकडे लक्ष दिले नाही. पुढे जर्मनीचे रॉबर्ट कॉख कलकत्त्यास आले आणि १८८४ साली त्यांनी रोग्यांच्या आतड्यांत आणि लोकांच्या वापरातील एका तळ्याच्या पाण्यात स्वल्पविरामाच्या आकाराचा हाच जंतू दाखवून दिला. हा जंतू आतड्यात एक विष सोडतो, हे १९५९ साली कलकत्त्याच्याच डॉ. शंभुनाथ डे यांनी सिद्ध केले. त्या विषाने शरीरातील पाणी आणि क्षार वाहून जातात व रोगी दगावतो. गेलेले पाणी आणि क्षार परत मिळाले, तर तो वाचतो. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठसाखरेचे पाणी पाजूनच असंख्य रोग्यांचे प्राण वाचविले. पूर्वी शंभरांतील तीस रोगी दगावत होते. ते प्रमाण चारांच्याही खाली आले.

मग आता पहाऱ्याची गरज काय? गरज आहे, कारण शत्रू वेष पालटून येतो. १९९२ साली मद्रास येथे, म्हणजे आजच्या चेन्नईत, पटकीसारखाच रोग पसरला. प्रयोगशाळेत जंतू तपासताना त्यावर एका विशिष्ट द्रवाचा थेंब टाकतात. नेहमीचा साथीचा जंतू असेल, तर त्याच्या बारीक गुठळ्या होतात. या वेळी गुठळ्याच झाल्या नाहीत! तपासणाऱ्यांनी ‘हा पटकीचा जंतू नव्हे’ म्हणून बशी बाजूला सारली नाही. त्यांनी अधिक शोध घेतला आणि पूर्वी कोणी न पाहिलेला पटकीच्या जंतूचा नवा प्रकार जगाला कळला. तोपर्यंत असे एकशे अडतीस प्रकार ठाऊक होते. हा एकशे एकोणचाळिसावा ठरला.

आज हा पहारा आपल्या दाराशी येऊन पोहोचला आहे. २००४ साली भारतात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. गावात कोणाला जुलाब झाले, की आरोग्यसेविका लक्षणांची नोंद करते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर रोगाची नोंद करतात. प्रयोगशाळा जंतूची नोंद करते. औषध सुरू करण्यापूर्वीच शौचाचा नमुना घेऊन पाठवितात. प्रयोगशाळेतील हिरव्या खाद्याच्या बशीत पटकीचे जंतू वाढले, की त्यांचे पिवळे ठिपके उमटतात. कोणत्या औषधाने ते मरतात आणि कोणत्या औषधाला दाद देत नाहीत, तेही पाहतात. एकाच गावातून एकाएकी जुलाबाचे अनेक रोगी आले, की जिल्ह्याचे पथक तेथे धावते आणि तोच जुना प्रश्न विचारते: ‘तुमच्याकडे पिण्याचे पाणी कोठून येते?’

महाराष्ट्रातील खेड्यांत जलसुरक्षक विहिरीच्या आणि टाकीच्या पाण्यात टी. सी. एल. पावडर घालतो. पाण्याच्या स्रोताभोवती घाण आढळली, तर ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळते. निर्धोक असेल, तर हिरवे. ज्या पंढरीच्या वारीत पूर्वी पटकीने कित्येक वारकरी वाटेतच देह ठेवीत, त्या वारीच्या वाटेवर आता पालखीच्या आधी पाणी तपासणारी माणसे जातात.

पण लक्षात ठेवा, सरकारचा पहारा कितीही कडक असला, तरी पहिला पहारेकरी घरातच असतो. रोग लपविणे म्हणजे शत्रूला वेशीचा दरवाजा उघडून देणे होय. घरात कोणाला जुलाब झाले, तर लाजू नका, दडवू नका. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजा, आणि आरोग्यसेविकेस कळवा. तिच्या वहीत तुमच्यामुळे एक ओळ वाढेल. त्या एका ओळीने उद्या साऱ्या गावाचे प्राण वाचतील!

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हॅम्पस्टेड येथील बाईला पटकी का झाली?
(आ) डॉ. शंभुनाथ डे यांनी कोणती गोष्ट सिद्ध केली?
(इ) रोग्याचा नमुना केव्हा घेतात?

२. कारणे द्या.
(अ) बिअरच्या कारखान्यातील कामगार पटकीपासून वाचले.
(आ) बालिकेच्या मृत्यूची नोंद आधी कोणाच्या यादीत आली नव्हती.

३. व्हाइटहेड आणि विल्यम फार या दोघांमध्ये तुम्हांला कोणता समान गुण दिसतो? तो सात-आठ ओळींत स्पष्ट करा.

४. ‘खरी नोंद ही लिहिणाऱ्याहूनही मोठी असते.’ या वाक्याचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: ओस पडणे, छातीठोकपणे सांगणे, दाद न देणे, दृष्टी खिळणे.

६. तुमच्या गावातील किंवा वस्तीतील पिण्याच्या पाण्याचे स्रोत कोणते, त्यांची निगा कोण राखते आणि पाणी केव्हा तपासले जाते, याची माहिती विचारून वहीत लिहा.