उसाची ट्रॉली आणि ट्रॅक्टरची पुढची चाके



गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या शेतकी खात्यात तोडीच्या तारखेची चौकशी करणाऱ्यांची रीघ लागते. ट्रॉली कशी जोडावी, कशी भरावी हे विचारायला मात्र सहसा कोणी येत नाही. ऊस आपला, ट्रॅक्टर आपला नाहीतर भावकीतला, आणि चालवणारा पोरगाही आपल्याच घरचा. तेव्हा हा विषय वाहतूकदारांवर सोडून चालणार नाही.

फडातून भरलेली दोनचाकी ट्रॉली निघाली की ट्रॅक्टरचे नाक वर आलेले दिसते. चढाला स्टेअरिंग हलके लागते. ड्रायव्हरला ते बरे वाटते, पण स्टेअरिंग हलके झाले याचा अर्थ पुढची चाके जमीन सोडायला लागली. अशा वेळी चाके वळवली तरी ट्रॅक्टर सरळच जातो, आणि पुढे कॅनॉलचा पूल असला तर काय होईल ते सांगायला नको.

याचे गणित तराजूच्या दांडीसारखे आहे. मागचा ॲक्सल हा टेकू. हूक त्याच्या मागे असतो, म्हणून हूकवर पडलेले ओझे पुढची बाजू उचलते. समजा ट्रॅक्टर २००० किलोचा आहे आणि त्यातले ७०० किलो पुढच्या चाकांवर आहे. पुढच्या-मागच्या ॲक्सलमधले अंतर २ मीटर आणि हूक मागच्या ॲक्सलपासून ७० सेंटिमीटर मागे. हूकवर ६०० किलो ओझे आले तर पुढून २१० किलो उतरते आणि मागे ८१० किलो चढते. पुढे राहिले ४९० किलो. उभ्या ट्रॅक्टरचा हा हिशोब झाला. चढाला ट्रॉली १००० किलोच्या जोराने मागे ओढत असेल आणि हूक जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच असेल, तर आणखी २५० किलो जाते. तोच हूक ९० सेंटिमीटरवर नेला तर ४५० किलो जाते, आणि पुढे उरतात अवघे ४० किलो! स्टेअरिंगच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान २० टक्के, म्हणजे इथे ४०० किलो, भार राहावा असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणून हूक कंपनीने दिलेल्या जागीच असावा. गाडी चिखलात रुतली की काही जण साखळी वरच्या टॉप लिंकला बांधतात. असे कधीही करू नये. मागची चाके अडकलेली असली आणि क्लच सोडला की ट्रॅक्टर उलटा होऊन ड्रायव्हरच्या अंगावर येतो, उडी मारायलाही सवड मिळत नाही.

आता पाट्यांविषयी. ट्रॉली बसली की गॅरेजमध्ये नेऊन एक-दोन पाटे वाढवून घ्यायचे, ही आपल्याकडची पद्धत. ऑस्ट्रेलियात लोक जीपसारख्या गाडीमागे कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची राहण्याची खोली, जोडून लांब लांब फिरतात. त्यांच्यातही हाच गैरसमज आढळतो. गाडी मागे बसली की जाड स्प्रिंग किंवा हवेच्या पिशव्या बसवतात. गाडी दिसायला समतल होते, पण काट्यावर घातली तर पुढच्या चाकांवरून गेलेले वजन काही परत आलेले नसते. स्प्रिंग उंची देते, वजन हलवत नाही. तिकडचे जाणकार म्हणून आधी खोलीतले सामान पुढेमागे करून हूकवर एकूण वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास भार ठेवतात आणि स्प्रिंगचे नंतर बघतात. आपल्या ट्रॅक्टरला तर मागे स्प्रिंगच नाही, टायरमधली हवा हीच त्याची स्प्रिंग. दोन्ही बाजूंची हवा सारखी नसली की उंच रचलेला ऊस एका अंगाला झुकलाच म्हणून समजा.

तेव्हा खरा उपाय भरण्यात आहे. दोनचाकी ट्रॉलीत मोळ्या पुढच्या फळीशी दडपून भरल्या की हूकवर ओझे वाढते. घाबरून सगळा ऊस मागे लोंबता ठेवला तर दांडी वर उचलते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते आणि उताराला ट्रॉली शेपटासारखी हेलकावे खाते. हे दुसरे दुखणे पहिल्याहून वाईट. भार ॲक्सलच्या किंचित पुढे राहावा. चारचाकी ट्रॉलीला पुढे फिरता ॲक्सल असल्याने तिचे ओझे हूकवर जवळजवळ येत नाही, पण चढाची ओढ तिलाही चुकत नाही. पुढे वजनी प्लेटा लावल्याने फायदा होतो. मागच्या टायरात पाणी भरल्याने पकड वाढते, नाक मात्र खाली येत नाही.

हूकवर नेमके किती ओझे आहे हे अंदाजाने सांगता येत नाही, काट्यावर मात्र पाच मिनिटांत कळते. आधी नुसता ट्रॅक्टर तोलावा. मग भरलेली ट्रॉली जोडून फक्त ट्रॅक्टर काट्यावर आणि ट्रॉलीची चाके बाहेर अशी उभी करावी. दोन आकड्यांतला फरक म्हणजे हूकवरचे ओझे. तसेच फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन जोडण्यापूर्वी आणि जोडल्यावर तोलले की वर सांगितलेला हिशोब स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. मोळी टाकण्याआधी हे वाहतूकदारांना करून दाखवण्याची आमच्या खात्याची तयारी आहे, गटातल्या फिल्डमनकडे नाव द्यावे.

पाटे वाढवण्याऐवजी आहेत ते तपासावेत. तुटका पाटा, झिजलेली शॅकल पिन, ढिला यू-बोल्ट. नवे यू-बोल्ट पहिल्या दोन-तीन भरल्या खेपांनंतर पुन्हा आवळावे लागतात, कारण पाटे दबून बसतात. आणि रस्त्याला लागण्यापूर्वी ट्रॅक्टरची दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने एकत्र जोडली आहेत ना ते पाहावे. शेतात ती सुटी ठेवलेली असतात आणि तशीच राहतात. भरल्या ट्रॉलीने उताराला एकाच चाकाचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागच्या जागी आडवा फिरतो.