खोपटहून जव्हार: दोन रात्री काढूनच जा

पावसाळ्यात दाभोसा धबधब्याचा एखादा व्हिडिओ मोबाइलवर फिरायला लागला की ठाणेकरांना जव्हार आठवतं. मग चार मित्र, एक गाडी. पहाटे निघायचं, धबधबा, हनुमान पॉइंट, सनसेट पॉइंट उरकायचे आणि रात्री जेवायला घरी. असा बेत ठरत असेल तर माझं स्पष्ट मत आहे की त्यापेक्षा येऊरला जाऊन या. जव्हारला चार पॉइंटांचं गाव समजलं की सगळा मुलूखच बघायचा राहून जातो आणि तोच तर बघण्यासारखा आहे.

जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड हे तीन तालुके 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्ह्यात गेले. त्याआधी ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. वारली, कोकणा, क ठाकूर, महादेव कोळी, कातकरी ही इथली माणसं. चौदाव्या शतकात जयबा मुकण्यांनी इथं महादेव कोळ्यांचं राज्य उभं केलं आणि ते थेट 1948 साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकलं. गावाबाहेर शिरपामाळ आहे. शिवाजी महाराज सुरतेच्या स्वारीवर निघाले असता जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांना इथं भेटले आणि शिरपेच देऊन त्यांचा मान केला, असं जव्हारकर सांगतात. माळावर स्मारक आहे आणि संध्याकाळी वारा छान असतो. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांचा जयविलास राजवाडा आजही राजघराण्याचाच आहे. तो बाहेरून बघितला तरी दगडी बांधकामाची ऐट कळते. आत सोडतात का, ते गावात विचारून मगच वर जा.

आता जायचं कसं. गाडी घरी ठेवा आणि खोपटच्या एसटी डेपोत जा. आदल्या दिवशी चौकशीच्या खिडकीवर जव्हारच्या थेट गाडीची वेळ विचारून ठेवा. ती सोयीची नसेल तर वाड्याची गाडी पकडा, पुढं विक्रमगडमार्गे जव्हार. अंतर शंभरेक किलोमीटरचंच आहे, पण चार तास धरून चला. भिवंडी ओलांडेपर्यंत गोदामांकडे जाणारे कंटेनर वाट अडवतात आणि वाड्यापर्यंतचा रस्ता पावसाळ्यात हाडं खिळखिळी करतो. त्यामुळं जितकी पहाटेची गाडी तितकं बरं. महिलांना मार्च 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. वयाची 75 वर्षं पूर्ण झालेल्यांना तिकीटच नाही, फक्त ओळखपत्र जवळ हवं. चार किंवा सात दिवस मोकळेपणानं फिरायचं असेल तर ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास काढा. कल्याण-डोंबिवलीकरांना आणखी एक वाट आहे. कसारा लोकलनं कसारा गाठायचं आणि तिथून विहीगाव, खोडाळामार्गे मोखाडा. जव्हारपेक्षा मोखाड्याची बाजू शांत आहे. सूर्यमाळच्या पठारावर तर शनिवारीही फारशी गर्दी नसते.

एसटीचा आग्रह पैसे वाचवण्यासाठी धरत नाही. त्या गाडीत आठवड्याच्या बाजाराला निघालेल्या बाया असतात, वसतिगृहातून घरी चाललेली पोरं असतात, भिवंडीहून मजुरी करून परतणारे असतात. कुठल्या पाड्यावर काय चाललंय, वरची वाट वाहून गेली का, कुणाकडे जेवण मिळेल, हे सगळं इथंच कळतं. फक्त उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ कंडक्टरला विचारा आणि लिहून ठेवा. रोख पैसे जवळ असू द्या, पाड्यांवर रेंजचा भरवसा नाही.

कधी जायचं, हा खरा प्रश्न. धबधब्यांसाठी जुलै-ऑगस्ट सगळेच सुचवतात. तेव्हा हिरवाई असते, पण धुकं आणि चिखलही असतो आणि गावातला प्रत्येक माणूस आवणीत गुंतलेला असतो. गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावणाऱ्या बाईला फोटोसाठी हाका मारणं बरं नव्हे. जायचंच असेल तर शेताच्या बांधावरून चालू नका. पावसात मऊ झालेला बांध एका पावलात खचतो, खाचरातलं पाणी निघून जातं आणि ते पुन्हा अडवायला घरातल्या माणसाचा निम्मा दिवस जातो.

मला विचाराल तर सप्टेंबरच्या शेवटापासून दिवाळीपर्यंतचा काळ घ्या. उतारांवर नागली-वरई तयार व्हायला लागलेली असते, माळ खुरासणीच्या फुलांनी पिवळेधमक झालेले असतात, ओढ्यांना पाणी असतं आणि आकाश स्वच्छ. भात कापणीला आलं की तारपा निघतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा जोडून केलेलं हे वाद्य. वाजवणारा मध्ये उभा राहतो, हातात हात गुंफून बायका-पुरुष त्याच्याभोवती गोल धरतात आणि त्याचा सूर बदलला की सगळ्यांची पावलं बदलतात. हा नाच हॉटेलच्या अंगणात पैसे देऊन बघण्यापेक्षा वाघबारशीच्या सुमारास एखाद्या पाड्यावर, त्यांच्या वेळेला बघा. बोलावलं तर गोलात शिरा, लाजू नका.

दिवाळीनंतर मात्र चित्र पालटतं. भात घरात आलं की अनेक कुटुंबं घराला कुलूप लावून वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, भिवंडीला, वसईला, आपल्या ठाण्यालाही. जानेवारीत एखादा पाडा ओस दिसला तर त्याचं कारण हे आहे.

उन्हाळ्यात जाण्याजोगं एकच निमित्त, पण ते फार मोठं आहे: बोहाडा. होळीपासून वैशाखापर्यंत जव्हार-मोखाड्यात गावोगाव वेगवेगळ्या तिथींना हा मुखवट्यांचा उत्सव रात्रभर चालतो. गणपती, सरस्वती येऊन जातात, मग देव-दानवांची एकेक सोंगं निघतात आणि शेवटी देवी आणि महिषासुराची लढाई. संबळ-सनईच्या ठेक्यावर भलाथोरला मुखवटा तोंडाला बांधलेला माणूस पुढं-मागं झुलत येतो तेव्हा टेंभ्यांच्या उजेडात त्या मुखवट्याचे डोळे हलल्यासारखे वाटतात. कुठलं सोंग कुणी घ्यायचं हा अनेक घराण्यांत पिढ्यान्पिढ्या चालत आलेला मान असतो. मुखवटे कागदाच्या लगद्याचे, जव्हारजवळच्या रामखिंडीत ते बनवणारे कारागीर आहेत. बोहाड्याला जाताना सतरंजी न्या, फ्लॅश बंद ठेवा आणि सोंगाच्या वाटेत उभं राहू नका. बघणाऱ्यांपैकी कितीतरी जण नवस फेडायला आलेले असतात.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट पाळा. आपलं पाणी आपण न्या. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे आणि त्याच तालुक्यातले पाडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. घरी गेल्यावर पाण्याचा तांब्या पुढं येतोच, नाही म्हणू नका. पण हात-पाय धुवायला दुसरी बादली मागू नका.

चालायची हौस असेल तर भूपतगड करा. जव्हारहून झाप गावाकडे जायचं, पायथ्याच्या पाड्यातून वाट विचारून घ्यायची. चढ सोपा आहे, लहान मुलंही चढतात. माथ्यावर तटबंदीचे अवशेष, पाण्याची टाकी आणि समोर पिंजाळ नदीचं खोरं, पार त्र्यंबकच्या डोंगरांपर्यंत. दाभोसा लेंडी नदीवर आहे, सुमारे तीनशे फुटांचा. वरून बघा, पायऱ्या उतरून खालूनही बघा, पण डोहात उतरू नका आणि कड्यावरून उडी तर मुळीच मारू नका. डोह खोल आहे, खाली खडक आहेत, पाण्याचा जोर वरून कळत नाही. गावातला माणूस ‘नको’ म्हणाला की तो शेवटचा शब्द समजा.

राहण्यासाठी जव्हारात लॉज आणि रिसॉर्ट आहेत, पण निदान एक रात्र गावातल्या घरी काढा. फ्रान्समध्ये ओस पडत चाललेल्या खेड्यांना हात देण्यासाठी शेतकऱ्यांच्या घरातल्या रिकाम्या खोल्या शहरातल्या पाहुण्यांना देण्याची पद्धत रुजली आणि 1955 साली त्याची देशव्यापी संघटना झाली. ‘जीत’ म्हणतात त्या घरांना. आपल्याकडे जव्हारजवळच्या वाळवंडा गावात गावकऱ्यांना सोबत घेऊन असा प्रयोग झालेला आहे. आधी कळवून जा, म्हणजे घरात तुमच्यापुरतं शिजेल. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, सुकटीची चटणी आणि मोसमातली रानभाजी. पहिल्या पावसाला गेलात तर शेवळं मिळतील. ठाण्याच्या बाजारात शेवळांच्या जुडीबरोबर जी काकडं नावाची रानफळं देतात, ती ही भाजी खाजू नये म्हणून कशी वापरतात, ते त्या घरच्या चुलीपाशी बसून बघा. जेवणाचे पैसे विचारून, घासाघीस न करता द्या. परतताना वाड्याला गाडी थांबली तर वाडा कोलम घ्या. त्याला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण त्या नावानं दुसराच तांदूळ खपवणारेही आहेत. म्हणून शेतकऱ्याकडून किंवा ओळखीच्या गिरणीतूनच घ्या.

वारली चित्रांबद्दल. जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला जगभर नेली, त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. पण लग्नाच्या घरात कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं लिहिलेला देवचौक हा पूजेचा भाग आहे. सवासिणी तो लिहितात. फोटो काढण्याआधी विचारा, नको म्हटलं तर कॅमेरा पिशवीत टाका. चित्र घ्यायचं असेल तर ज्यानं काढलं त्याच्याकडून घ्या आणि त्याला मागं सही करायला सांगा.

यंदा नवरात्र ते दिवाळी या दरम्यानचा एखादा शनिवार-रविवार धरा, त्याला शुक्रवारची रजा जोडा आणि गुरुवारी संध्याकाळी खोपटला जाऊन गाडीची वेळ विचारून या.