पहिली रायफल घेण्यापूर्वी: गरज, कायदा आणि जबाबदारी

ठाणे जिल्ह्यातील बारवी धरण हे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे धरण होय. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील वस्ती आणि कारखाने यांच्या पाणीपुरवठ्यात त्याचा मोठा वाटा आहे. जलाशयाभोवती जंगल, जंगलालगत भातशेती आणि पाडे, तर थोड्याच अंतरावर झपाट्याने वाढणारी शहरे अशी या भागाची रचना आहे. भात पोटरीला आले की रानडुकरांपासून ते राखण्याची चिंता शेतकऱ्याला लागते. शहरातील तरुणांना नेमबाजीच्या खेळाचे आकर्षण असते. या दोन्ही कारणांनी एक प्रश्न पुढे येतो: रायफल घ्यावयाची झाल्यास कोणती घ्यावी, आणि आधुनिक अर्ध-स्वयंचलित क्रीडा रायफल घेता येईल काय?

या प्रश्नाचा क्रम मुळातच उलटा आहे. कोणते शस्त्र, हा शेवटचा प्रश्न होय. कशासाठी, हा पहिला. प्रयोजन निश्चित झाले म्हणजे शस्त्राचा प्रकार बहुतांशी कायद्यानेच ठरवून दिलेला आहे, असे आढळून येते.

अर्ध-स्वयंचलित म्हणजे काय?

रायफलीच्या नळीत आतून मळसूत्री खाचा असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. साध्या बोल्टच्या रायफलीत प्रत्येक बारानंतर नेमबाजाला हाताने बोल्ट मागे ओढून रिकामे काडतूस बाहेर काढावे लागते आणि बोल्ट पुढे ढकलून नवे काडतूस नळीत बसवावे लागते. अर्ध-स्वयंचलित रायफलीत हे काम बाराच्या वायूच्या दाबाने किंवा धक्क्याने आपोआप होते. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, परंतु पुढची गोळी लगेच नळीत येऊन सज्ज असते. चाप दाबून धरताच गोळ्या सुटत राहतात ते पूर्ण स्वयंचलित शस्त्र होय.

नवशिक्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. अर्ध-स्वयंचलित रायफलीचे मॅगझिन काढले तरी नळीत एक काडतूस शिल्लक राहू शकते. मॅगझिन हातात आले, म्हणजे रायफल रिकामी झाली, ही समजूत प्राणघातक ठरते. प्रथम मॅगझिन काढणे, नंतर बोल्ट उघडणे आणि शेवटी नळीचे घर डोळ्यांनी पाहून ते रिकामे असल्याची खात्री करणे, हाच योग्य क्रम होय. साध्या बोल्टच्या रायफलीत दोन बारांमध्ये विचाराला सक्तीची उसंत मिळते. शिकणाऱ्यास ती उपकारकच असते.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार या विषयाचे नियमन होते. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांचे वर्ग पाडलेले आहेत. पिस्तुले व रिव्हॉल्व्हर यांचा अपवाद वगळता अर्ध-स्वयंचलित बंदुका व रायफली पहिल्या, म्हणजे निर्बंधित वर्गात येतात. त्यांचा परवाना जिल्हा पातळीवर मिळत नाही. तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील आहे. सर्वसाधारण नागरिकाच्या पहिल्या शस्त्रासाठी हा मार्ग व्यवहारतः बंदच समजावा. म्हणून परदेशी चित्रपट वा जाहिराती पाहून अशा रायफलीचा आगाऊ सौदा करणे, किंवा ‘परवाना मागाहून काढून देतो’ असे सांगणाऱ्याच्या हाती पैसे देणे, हा शुद्ध धोका होय. विनापरवाना शस्त्र जवळ बाळगणे हा तुरुंगवासास पात्र असा गुन्हा आहे.

या बाबतीत भारताचे धोरण एकाकी नाही. ऑस्ट्रेलियात १९९६ साली पोर्ट आर्थर येथे ३५ जणांची हत्या झाल्यानंतर तेथील शासनाने अशा रायफलींवर कडक निर्बंध घातले. न्यूझीलंडमध्ये १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्च येथील मशिदींवर झालेल्या हल्ल्यात ५१ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर महिनाभरातच तेथील संसदेने बहुतेक अर्ध-स्वयंचलित शस्त्रांवर बंदी घातली.

नागरिकाला काय मिळू शकते, हे अधिनियमाचे कलम १३ स्पष्ट करते. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्याला पटल्यास गुळगुळीत नळीची अन्य बंदूक. आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्यास निशाणबाजीच्या सरावासाठी पॉइंट २२ बोअरची रायफल किंवा हवेची रायफल, असा हा क्रम आहे. अन्य शस्त्रासाठी सबळ कारण दाखवावे लागते.

पिकांचे रक्षण

शेतकऱ्याने येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. शस्त्राचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली शिकारीस बंदी आहे. रानडुक्कर १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या सुधारित अनुसूचीतील दुसऱ्या यादीत आहे. उभ्या पिकास धोकादायक ठरलेल्या अशा प्राण्याबाबत कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक अथवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती परवानगी हाती नसताना केलेला बार, बंदूक परवान्याची असली तरी, गुन्हाच ठरतो. मुरबाड तालुक्याच्या पूर्वेकडील, भीमाशंकर अभयारण्यालगतच्या गावांनी आणखी एक तरतूद पाहावी: अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना देण्यास मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते.

रात्रीच्या राखणीत बंदुकीवर भिस्त ठेवणे किती घातक असते, याचे उदाहरण शेजारच्याच जिल्ह्यात घडले. जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीस गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाने आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली व त्यात त्याचा मृत्यू झाला. झुडूप हलले म्हणजे जनावरच असेल, असे नाही. लक्ष्य पूर्णपणे ओळखल्याखेरीज चापावर बोट जाता कामा नये. सौर कुंपण, सामुदायिक राखण आणि वन विभागाकडे तातडीने केलेला नुकसानभरपाईचा अर्ज, हे उपाय आधी करून पाहावेत. विजेच्या तारा उघड्या सोडणे मात्र सर्वथा वर्ज्य होय.

नेमबाजीचा छंद

खेळासाठी रायफल हवी असणाऱ्यांनी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांच्या वाटचालीकडे पाहावे. वडील शिक्षक, आई गावच्या सरपंच, आणि मुलाला २००९ साली राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश मिळाला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात त्यांनी ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. या प्रकारात वापरावयाची पॉइंट २२ ची रायफल अर्ध-स्वयंचलित नसते. प्रत्येक काडतूस हाताने भरावे लागते, आणि तसा स्पर्धेचा नियमच आहे. ऑलिम्पिकच्या व्यासपीठापर्यंत नेणारी रायफल जर एकेरी बाराची असेल, तर नवशिक्याला अधिक वेगवान शस्त्राची गरज काय?

योग्य सुरुवात हवेच्या रायफलीने होते. पॉइंट १७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या हवेच्या रायफलीस परवाना लागत नाही. तरीही ती खेळणे नव्हे, तिच्या छर्‍याने डोळा जाऊ शकतो. मुंबईत वरळी येथे महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे नेमबाजी केंद्र आहे. अशा मान्यताप्राप्त ठिकाणी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली काही महिने सराव केल्यावरच स्वतःच्या रायफलीचा विचार करावा. त्या वेळी दस्ता खांद्यास बसतो काय, वजन पेलते काय, तिची काडतुसे व सुटे भाग नियमित मिळतात काय, हे प्रत्यक्ष हाताळून पाहता येते.

अंबरनाथला १९५३ पासून आयुध निर्माणी असल्याने क्रीडा रायफलीही तेथेच तयार होत असाव्यात, असा समज होणे शक्य आहे. परंतु पॉइंट ३१५ बोअरची देशी बनावटीची प्रसिद्ध क्रीडा रायफल पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्याची आहे, आणि तीही हाताने चालवावयाच्या बोल्टचीच आहे. खरेदी नेहमी परवानाधारक विक्रेत्याकडूनच करावी, आणि शस्त्रावरील क्रमांक व परवान्यातील नोंद जुळते की नाही हे तेथेच तपासावे.

परवाना आणि त्यानंतर

अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. अर्ज करण्यापूर्वी हद्द पाहावी. ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांसाठी पोलीस आयुक्त, तर ग्रामीण हद्दीतील गावांसाठी जिल्हाधिकारी हे जिल्हादंडाधिकारी या नात्याने परवाना अधिकारी असतात. पोलीस चौकशी होते. शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. डिसेंबर २०१९ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार परवान्याची मुदत ३ वर्षांऐवजी ५ वर्षे झाली आणि एका व्यक्तीस सामान्यतः बाळगता येणाऱ्या बंदुकांची कमाल संख्या ३ वरून २ वर आली. लग्नसमारंभात वा मिरवणुकीत निष्काळजीपणे हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणे, यास त्याच दुरुस्तीने २ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. निवडणुकीच्या काळात आदेश निघाल्यास शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते, हेही पंचायत सदस्यांनी जाणून असावे.

गोळी आणि पाणी

पॉइंट २२ ची लहानशी गोळीही दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. मोठ्या बोअरची गोळी याहून कितीतरी दूर जाते. जलाशयाकाठी एक धोका अधिक असतो. पाण्यावर तिरपी पडलेली गोळी बुडत नाही. चपटा दगड पाण्यावरून टप्पे घेत जावा, तशी ती उसळून अनपेक्षित दिशेस जाते. पलीकडच्या काठावर गुरे, मासेमार किंवा सहलीस आलेली मंडळी असतात. म्हणून लक्ष्यामागे गोळी अडवणारा मातीचा भक्कम भराव नसेल तेथे सराव करू नये, आणि धरणाच्या परिसरात तर मुळीच नाही. शिवाय गोळ्या शिशाच्या असतात. शिसे विषारी आहे आणि हे पाणी लाखो लोकांच्या पिण्याचे आहे.

घरात शस्त्र कुलूपबंद असावे, काडतुसे निराळ्या कुलपात असावीत, आणि दोन्ही किल्ल्या मुलांना ठाऊक नसाव्यात. घरात व्यसन, मानसिक अस्वास्थ्य किंवा भाऊबंदकीचा तंटा असेल, तर परवाना मिळण्याजोगा असला तरी शस्त्र न घेणे हेच शहाणपणाचे.

या विषयात ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्य यांचा सल्ला गावात मानला जातो. सल्ला विचारणाऱ्यास त्यांनी चार प्रश्न करावेत: शस्त्र कशासाठी? त्यावाचून काम भागणार नाही काय? ते चालवण्यास कोणी शिकवले? आणि ते ठेवणार कोठे? या चारही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तरच अर्जाचा नमुना त्याच्या हाती द्यावा.