लॅपटॉपमधला मोबाइल

प्रश्न : मी वेब डेव्हलपर आहे. क्रोमच्या डिव्हाइस मोडमध्ये पान व्यवस्थित दिसतं, पण क्लायंटच्या आयफोनवर तळाचं बटण अर्धं गायब होतं आणि फॉर्म भरताना पान एकदम मोठं होतं. आता प्रत्येक फोन विकत घ्यायचा का?

उत्तर : नाही, पण डिव्हाइस मोडवर विसंबून साइट लाइव्ह करणंही थांबवा. तो पडद्याच्या आकाराची आणि स्पर्शाची नक्कल करतो. इंजिन मात्र लॅपटॉपवरच्या क्रोमचंच राहतं. आपल्याकडच्या आयफोनवर सफारीच काय, क्रोमसुद्धा ॲपलच्या वेबकिटवर चालतो. (युरोपीय संघात २०२४ पासून वेबकिटची ही सक्ती सैल झाली, तेही कायद्याच्या बडग्यामुळे.) तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ खऱ्या फोनवरच्या ब्राउझरच्या वागण्यात आहे. सीएसएसमधली १०० व्हीएच ही उंची ॲड्रेस बार आक्रसलेला आहे असं धरून मोजली जाते. बार पूर्ण उघडा असला की तेवढा भाग पडद्याखाली जातो, आणि त्यासोबत बटणही. तिथे डीव्हीएच वापरा. इनपुटचा फाँट १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर सफारी आपणहून झूम करते, तेव्हा फाँट वाढवा. झूमच बंद करा, असं कुणी सुचवेल. ऐकू नका, अधू नजरेच्या माणसाची ती सोय आहे.

क्लाउडवर खरे फोन भाड्याने मिळतात, मग विकतचा फोन हातात कशाला, हा आक्षेप रास्त आहे. मांडणी तपासायला ते पुरतात. पण अंगठा कुठवर पोचतो आणि स्वस्त फोनवर स्क्रोल कुठे अडखळतो, हे तिथे कळत नाही. एक साधा अँड्रॉइड आणि एक जुना आयफोन घ्या. अँड्रॉइड यूएसबीने जोडला की लॅपटॉपवरून थेट डीबग करता येतो. आयफोनसाठी मात्र मॅक लागेल.