मार खाल्लेल्या कुत्र्याला घर देताना

रस्त्यावर जखमी होऊन पडलेले कुत्रे उचलून आणणारी तरुण मंडळी आता राजूरसारख्या गावातही दिसू लागली आहेत. जखम भरते, अंगावर केस येतात आणि मग विचारणा होते, "डॉक्टर, आता याला कोणाला द्यायचं?" बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, की ज्याला प्राण्यांची आवड आहे त्याला. आवड हवीच, पण तेवढ्यावर भागत नाही. कुत्रा कशाला भितो आणि त्या घरात रोज काय घडते, हे दोन्ही ताडून पाहिल्याशिवाय कुत्रा कोणाच्या हवाली करू नये, असे माझे मत आहे. भेदरलेला कुत्रा नको त्या घरी गेला, तर आज ना उद्या कोणाला तरी चावतो. बहुधा घरातल्या लहान मुलालाच.

ही भीती किती खोल जाते याचे एक जुने उदाहरण आहे. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांचे नाव आपण शाळेत ऐकलेले असते. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला पूर आला आणि पाणी त्यांच्या प्रयोगशाळेतील कुत्र्यांच्या खोल्यांत शिरले. कुत्रे वाचवले गेले, पण त्यांपैकी काही पूर्वी शिकवलेले विसरून गेले. पुढे त्यातला एक बराच सावरला होता. तेव्हा दाराच्या फटीतून खोलीत थोडेसे पाणी सोडून पाहिले, तर तो पुन्हा पूर्वीसारखा बिथरला. पाणी जेमतेम जमीन भिजेल इतकेच होते. आपल्याकडे पाण्याच्या जागी काठी, दोरी, मोटारसायकलचा आवाज किंवा दारूचा वास असतो, एवढाच फरक.

मात्र प्रत्येक चिडका कुत्रा भ्यालेला असतोच असे नाही. कान चिघळलेला असेल, हाड वेडेवाकडे जुळलेले असेल, दाताखाली पू असेल, तर हात लावताच तो गुरगुरणारच. म्हणून आधी पशुवैद्याकडून तपासणी, गोचीड व जंतांवर औषध, रेबीजची लस आणि नसबंदी, हे सगळे उरकून घ्यावे. आणलेला कुत्रा काही दिवस इतर जनावरांपासून वेगळा ठेवावा. त्याची लाळ गळत असेल, खालचा जबडा लोंबत असेल, पाणी गिळता येत नसेल, तर 'घशात हाड अडकले' असे समजून तोंडात हात घालू नये. ती पिसाळल्याची खूण असू शकते.

कुत्रा भ्याला आहे हे त्याच्या अंगावरून ओळखता येते. शेपूट पायांत जाते, कान मागे पडतात, भूक नसताना तो ओठ चाटतो, झोप नसताना जांभया देतो, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो. एकदम थिजून उभा राहिला तर तेथून दूर व्हावे. गुरगुरण्याबद्दल मात्र आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. गुरगुरला म्हणून कुत्र्याला मारतात. वास्तविक गुरगुरून तो आपल्याला सावध करत असतो. मार देऊन ही सवय मोडली तर भीती आत तशीच राहते आणि पुढच्या वेळी तो न गुरगुरता चावतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक तांबडा कुत्रा आणला होता. रानडुकरांसाठी लावलेला तारेचा फासा त्याच्या मानेत रुतला होता. जखम महिन्याभरात भरली, पण मानेजवळ पट्टा नेला की तो डोळे फिरवून चावायला येई. त्याला मागणारे तिघे होते. एकाला मळ्यावर राखणीला हवा होता, म्हणजे दिवसभर साखळी आली. दुसऱ्या घरी माणसे अतिशय प्रेमळ, पण तीन लहान मुले. मुलांचे प्रेम म्हणजे गळ्यात हात टाकणे. तिसऱ्या एक आजी होत्या, चार शेळ्या बाळगणाऱ्या. त्यांना कुत्र्याचे विशेष कौतुक नव्हते.

बांधायचे नाही, मग मोकळा सोडावा, असे कोणी म्हणेल. पण आपल्या तालुक्यात तसे करणे धोक्याचे आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनात ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्यांचाच ३९ टक्के. ओसरीवर मोकळा निजलेला कुत्रा गेला तर जातोच, शिवाय बिबट्याला दारापर्यंत यायची सवय लागते. अंगणात बांधलेल्याला तर पळताही येत नाही. तेव्हा या कुत्र्याला गळ्यात काही न अडकवता रात्री बंदिस्त ठेवणारे घर हवे होते, आणि आजींच्या शेळ्यांची पडवी चारी बाजूंनी जाळीने बंद होती.

आजींना सगळे समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "त्याला मारायचं नाही, बांधायचं नाही, हात लावायचा नाही. मग मी करू काय?" मी म्हटले, "भाकरी ठेवा, त्याच्याकडे बघू नका आणि शेळ्यांशी बोलता तसं बोलत राहा." पहिले काही आठवडे तो कोपऱ्यातच बसे. नंतर शेळ्यांच्या मागे रानात जाऊ लागला. आजींच्या हातात शेळ्या वळायची काठी असे, तिची त्याला भीती नव्हती. त्याला भीती होती फक्त तारेची आणि दोरीची. काठीने मार खाल्लेला कुत्रा असता तर हेच घर मी नाकारले असते. रोज भांडणे होणारे घर मात्र कोणत्याच भेदरलेल्या कुत्र्याला देऊ नये, मग ती माणसे आपल्या कितीही जवळची असोत.

साखळीबद्दल कायदाही माहीत असावा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार अवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावर तासन्‌तास बांधून ठेवणे आणि सदैव बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणे हा गुन्हा आहे. भटके कुत्रे दत्तक घेण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात दिली, पण असा कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली.

एवढी काळजी घेऊनही दात लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून घरी बसू नये. इंजेक्शने किती व कधी हे डॉक्टर ठरवतील, त्यातले एकही चुकवू नये. कुत्र्याला मारू किंवा हाकलू नये, कारण तो दहा दिवस नजरेखाली राहणे आवश्यक असते.

पहिला महिना कुत्रा 'दिला' असे न समजता 'ठेवला' असे समजावे. देणाऱ्याने आठवड्यातून एकदा जाऊन यावे, शेजाऱ्यांनाही विचारावे. दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर घर बदलू नये, फटाके आणि बँडबाजा नव्या जागेत सोसत नाहीत. आणि नाही जमले, तर घेणाऱ्याने तो गुपचूप घाटात सोडण्याऐवजी परत आणून द्यावा, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून घ्यावे.