पहाटेचा रस्ता आणि भरतीची पोरं

आमच्या पलूस तालुक्यात गळीत हंगाम सुरू झाला, की पहाटे साडेचारपासून रस्ते जागे होतात. कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर, दुधाचे टेम्पो आणि त्यांच्या मधूनच पळणारी भरतीची पोरं-पोरी. मी इथल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थिनींबरोबर मीही पळते. दिवसा या मुली कुठे कामाला असतात, कुणी कॉलेजात, कुणी रानात. त्यांना पळायला वेळ मिळतो तो अंधारातच, आणि पायाखाली सपाट जमीन मिळते ती डांबरी रस्त्यावरच. म्हणून ‘अंधारात रस्त्यावर पळू नका’ एवढं सांगून मला थांबता येत नाही.

डिसेंबरातल्या एका पहाटे आम्ही शिकवल्याप्रमाणे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, एकीमागे एक पळत होतो. मी सगळ्यांत शेवटी. डाव्या बाजूने मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्यांचा, टेपवर गाणी लावलेला. त्याला ओव्हरटेक करायला एक जीप उजव्या बाजूला आली, म्हणजे थेट आमच्या बाजूला, आमच्या पाठीमागून. ट्रॅक्टरच्या आवाजात तिचा आवाज कळलाच नाही. तिचा आरसा माझ्या खांद्याला लागला आणि मी साइडपट्टीवरून चारीत पडले. गळपट्टीचं हाड मोडलं. पुढच्या मुली वाचल्या. चालक पळून गेला नाही, खाली उतरला, थरथरत होता. “मॅडम, दिसलाच नाहीत हो तुम्ही,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

माझ्या अंगात झगझगीत पोपटी टी-शर्ट होता. तरीही तो माणूस खरं बोलत होता, हे मला नंतर नीट समजून घेतल्यावर पटलं. रात्री पळणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावं, म्हणून हे लिहिते आहे.

अंधारात पळणाऱ्याला गाडीचे दिवे अर्ध्या-एक किलोमीटरवरूनही दिसतात. त्यामुळे त्याला वाटतं, गाडीवाल्यालाही आपण तितक्याच लांबून दिसत असणार. प्रत्यक्षात डिप्परवर असलेला दिवा साधारण 40 ते 50 मीटरपर्यंतचा रस्ता उजळतो. त्या उजेडात काळी ट्रॅक पँट आणि निळं जर्किन घातलेला माणूस त्याहूनही बराच जवळ आल्यावर ओळखू येतो. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर पुढे जाते. चालकाच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तरी 25 मीटर गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी 20 मीटर लागतात. ताशी 80 असेल तर हे अंतर मिळून 70 मीटरच्या आसपास जातं. म्हणजे शुद्धीत असलेला, सावध, चांगला चालकसुद्धा तुम्हाला पाहून थांबू शकत नाही. त्यात समोरून अप्पर लावलेली गाडी आली, की दोन्ही गाड्यांच्या उजेडाच्या मध्ये असलेला माणूस चालकाच्या नजरेतून पूर्ण नाहीसा होतो.

पोपटी किंवा भगव्या निऑन रंगाचं कोडंही इथेच आहे. हे रंग दिवसा डोळ्यांत भरतात, कारण सूर्यप्रकाशातले अतिनील किरण शोषून ते जास्तीचा उजेड बाहेर टाकतात. रात्री तो प्रकाशच नसतो, त्यामुळे असा टी-शर्ट साध्या फिकट कापडापेक्षा फारसा वेगळा राहत नाही. रात्री उपयोगी पडतं ते रेडियम. आपण ज्याला रेडियमची पट्टी म्हणतो, तिच्यात काचेचे सूक्ष्म मणी किंवा बारीक कोन असतात. ते दिव्याचा उजेड जिथून आला तिथेच, म्हणजे चालकाच्या डोळ्यांकडे परत पाठवतात. त्यामुळे साध्या कपड्यातला माणूस दिसायच्या कितीतरी आधी ही पट्टी चमकते.

ती कुठे लावायची, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. बहुतेक जण छातीवर किंवा पाठीवर लावतात. ते ठीकच आहे, पण रस्त्याकडेला चमकणाऱ्या वस्तू पुष्कळ असतात. मैलाचे दगड, वळणाचे खांब, उभ्या ट्रॉलीचं मागचं फळकूट. त्यांतच आणखी एक चमकता चौकोन असला, तर तो माणूस आहे हे चालकाला कळायला वेळ लागतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी 1973 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या सांध्यांवर प्रकाशाचे ठिपके लावले आणि काळोखात फक्त ते ठिपके लोकांना दाखवले. माणूस स्थिर असताना कुणाला काही उमगेना. त्याने पावलं टाकायला सुरुवात करताच बघणाऱ्यांनी लगेच ओळखलं, हा माणूस चालतोय. म्हणून पट्टी घोट्यांवर, गुडघ्यांखाली आणि मनगटांवर हवी. पळताना घोटे वरखाली होतात, ती हालचाल दुसऱ्या कशाचीच नसते. शिवाय डिप्परचा उजेड खाली पडतो, तो छातीच्या आधी पायांवर पोचतो.

यासाठी महागडे कपडे लागत नाहीत. नंबरप्लेट बनवणाऱ्या रेडियमवाल्याकडे पट्टी मिळते. रस्त्याच्या कामावरचे मजूर घालतात तसलं जाळीचं जॅकेट हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. आमच्या मुलींनी जुन्या इलॅस्टिकवर कापडी रेडियम शिवून घोट्याचे पट्टे केले. पट्टी मळली किंवा चुरगळली की तिची चमक जाते, तेव्हा ती पुसायची आणि वेळेवर बदलायची. मात्र रेडियमला स्वतःचा उजेड नाही. बिनदिव्याची मोटारसायकल आली तर ते कामाचं नाही. म्हणून गटातल्या पहिलीकडे पुढे पांढरी बॅटरी आणि शेवटचीच्या पाठीला लुकलुकणारा लाल दिवा हवाच.

एक चाचणी मात्र प्रत्येकीने करून पाहावी, असा माझा आग्रह आहे. वाहतूक नसलेल्या जागी भावाला किंवा वडिलांना मोटारसायकल डिप्परवर लावून उभं करा. मैत्रिणीला नेहमीच्या कपड्यांत शंभर मीटरवर उभं करा आणि स्वतः गाडीवर बसून बघा. मग तिला पट्टे लावून जागेवर पळायला सांगा आणि पुन्हा बघा. हा फरक डोळ्यांनी पाहिला, की पट्टा घरी विसरत नाही.

आता उजव्या कडेचं. समोरून येणारी गाडी दिसावी यासाठी उजवीकडून पळायचं, हे बरोबरच आहे आणि मी आजही तेच शिकवते. पण त्या नियमाला एक भोक आहे, ते मला जीपने दाखवलं. दुहेरी रस्त्यावर मागून ओव्हरटेक करणारी गाडी तुमच्याच बाजूला येते. म्हणून मागून ट्रॅक्टर, ट्रक किंवा बस येत असल्याचा आवाज आला, की पळणं थांबवून साइडपट्टीच्या बाहेर, मातीवर उतरायचं आणि मागे वळून बघायचं. हंगामात तर हे फार वेळा करावं लागतं. दोन ट्रॉल्यांचं धूड हळू चालतं, मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, वाढं बाहेर आलेली असतात, आणि मागचा प्रत्येक जण पुढे जायची घाई करतो. समोरून आणि मागून अशा दोन गाड्या तुमच्याजवळ एकमेकींना ओलांडणार असतील तेव्हाही तेच करायचं. थांबल्याने वेळ खराब होते, अशी तक्रार मुली करतात. मी सांगते, वेळ मैदानावर लावायची, रस्त्यावर फक्त दम वाढवायचा.

उजवीकडे वळणारा आंधळा रस्ता असेल तर वळणाच्या बरंच आधी, दोन्हीकडे पाहून, डाव्या बाजूला जायचं. आतल्या कडेने पळणारा माणूस गाडीच्या अगदी तोंडावर येईपर्यंत दिसत नाही. मोरी आणि अरुंद पूल चालत ओलांडायचे, कारण तिथे उडी मारायला साइडपट्टी नसते. समोरच्या दिव्याकडे टक लावून बघू नये. त्याने डोळे दिपतात आणि अंधाराला पुन्हा नीट सरावायला मिनिटं लागतात. नजर आपल्या बाजूच्या कडेवर ठेवावी. कानात इअरफोन घालून पळणाऱ्या मुलीला मी गटात घेत नाही. या एका बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. कृष्णाकाठी थंडीत दाट धुकं पडतं, त्या दिवशी रेडियमही निकामी असतं. त्या दिवशी रस्ता बंद.

बाकीची भीती थोडक्यात सांगते. पावसाळ्यात घोणस आणि मण्यार रात्री रस्त्यावर येतात, तेव्हा पायाखाली बॅटरीचा उजेड असू द्या. कुत्रं चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असेल तर एकट्याने पहाटे बाहेर पडूच नका. मुलींनी रोज एकाच वेळी एकाच रस्त्याने जाऊ नये, घरी रस्ता सांगून निघावं, आणि 112 हा क्रमांक फोनवर चटकन लावता यावा. खिशात नाव, घरचा क्रमांक आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी हवी. अपघात झालाच तर 108 ला फोन करा आणि जखमीला ओढून उभं करू नका. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या 134अ कलमाने संरक्षण दिलं आहे, तेव्हा पोलिसांच्या भीतीने कुणी बाजूला होऊ नये.

हे सगळं नीट पाळलं तरी धोका संपत नाही, हे मला मान्य करावंच लागतं. जानेवारी 2025 मध्ये बीडजवळ घोडका राजुरी इथे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तीन तरुणांना पहाटे एसटी बसने चिरडलं, तिघेही गेले. मार्च 2023 मध्ये वरळी सी फेससारख्या दिव्यांच्या रस्त्यावर, उजाडताना धावणारी एक महिला मोटारीच्या धडकेत गेली. माझा खांदा बरा झाला, मी पुन्हा पळते. त्यांच्या घरच्यांना हे म्हणता येत नाही.

आणि ज्यासाठी ही मुलं महामार्गावर जीव टांगणीला लावतात ते अंतर किती आहे? पोलीस शिपाई भरतीच्या ग्राउंडला 50 गुण, त्यांतले 20 लांब पळण्याचे. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. एसआरपीएफला 5 किलोमीटर. साध्या 200 मीटरच्या मातीच्या ट्रॅकवर मुलींच्या चार फेऱ्या, मुलांच्या आठ. गावोगावी शाळेचं मैदान आहे, पण सकाळी दहापर्यंत फाटकाला कुलूप असतं. मैदानावर खड्डे, बाभळीचे काटे, आणि दिवा एकही नाही. म्हणून पोरं मैलाचे दगड मोजत रस्त्यावर पळतात.

आमच्या शाळेत मुख्याध्यापकांनी किल्ली माझ्याकडे दिली. ग्रामपंचायतीने दोन खांबांवर एलईडीचे दिवे लावले. पालकांनी श्रमदानातून काटे काढले, मुरूम टाकून रोलर फिरवला. आता लांब पल्ल्याच्या दिवसाखेरीज मुली रस्त्यावर जात नाहीत, आणि तो दिवस आम्ही रविवारी, उजाडल्यावर ठेवला आहे. सरपंच, मुख्याध्यापक, शाळा समितीचे सदस्य, तुम्हा सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: तुमच्या गावातल्या मैदानाचं फाटक पहाटे पाचला उघडा आणि तिथे दिवा लावा.